तगरच्या वाटेवरची ख्रिस्ती तीर्थे

धाराशिव जिल्ह्यात देवदर्शनाला निघालेल्या माणसाला ठिकाणांची वाण नाही. तुळजापूरची भवानी, येरमाळ्याची येडेश्वरी, तेरची गोरोबाकाकांची समाधी आणि शहरालगतची धाराशिव लेणी, एवढ्यातच पाच-सहा दिवस सहज निघून जातात. या यादीत एकही प्राचीन चर्च नाही. पोर्तुगीज सत्ता किनाऱ्यावर थांबली आणि हा मुलूख सुलतानांच्या व पुढे निजामाच्या अमलात राहिला. त्यामुळे शेकडो वर्षे जुनी दगडी चर्चे इथे उभी राहिली नाहीत. तरीही महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती तीर्थांची माहिती घ्यायची, तर सुरुवात याच जिल्ह्यातून करणे योग्य ठरते. ज्या व्यापारी वाटांनी इथला माल समुद्राकडे जात होता, त्याच वाटांच्या टोकाशी, बंदरांवर, हा धर्म आपल्या मुलखात पहिल्यांदा उतरला. तेव्हा पोर्तुगीज यायला अजून हजार वर्षे होती.

तेर: बंदरांना कापड पुरवणारे शहर

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठे शहर, असे तीत नमूद आहे. तगरहून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला नेली जात असे. कल्याण बंदराचाही उल्लेख या पुस्तकात येतो. पूर्वी तिथे रीतसर व्यापार चाले. पुढे सत्ता बदलली आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला पाठवली जाऊ लागली, असे लेखक सांगतो.

तगर म्हणजेच तेर, हे अभ्यासक फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. उत्खननांनी त्याला भक्कम आधार दिला. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे पुराणवस्तू संग्रहालयात रोमन नाण्यांची नक्कल असलेल्या मातीच्या मुद्रा, मणी, मृण्मूर्ती आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहायला मिळते. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या इटलीतल्या शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरच्या मूर्तीचे तिच्याशी ठळक साम्य आहे. गावातले त्रिविक्रम मंदिर मुळात विटांनी बांधलेले बौद्ध चैत्यगृह होते. धर्म बदलला तरी वास्तू वापरात राहिली, याचा हा महाराष्ट्रातला फार जुना नमुना.

घाटावरचा माल कोकणात उतरवणारा एक राजमार्ग जुन्नरवरून नाणेघाटाने कल्याण आणि सोपाऱ्याकडे जाई. त्या बंदरांत माल भरायला इजिप्त, अरबस्तान आणि इराणी आखातातून जहाजे येत. जहाजांबरोबर माणसे येत आणि माणसांबरोबर त्यांची उपासना.

कल्याणचा बिशप

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर या भागांत फिरला. उतारवयात तो ख्रिस्ती संन्यासी झाला आणि ५५०च्या सुमारास त्याने एक ग्रंथ लिहिला. इतिहासात तो कॉस्मस इंडिकोप्लुस्टेस, म्हणजे भारताचा प्रवास केलेला कॉस्मस, या नावाने परिचित आहे. श्रीलंकेत ख्रिस्ती लोकांचे चर्च आहे, मिरी पिकणाऱ्या मलबारात ख्रिस्ती आहेत आणि ‘कल्लियाना’ या ठिकाणी इराणमधून नेमला जाणारा एक बिशप आहे, अशी नोंद त्याने केली. कल्लियानाहून तांबे-पितळ, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते, असेही तो लिहितो.

हे कल्लियाना म्हणजे ठाणे जिल्ह्यातले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काही जण दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरची ठिकाणे सुचवतात. कल्याणच्या बाजूने निर्यातीचा माल आणि बंदराचा जुना लौकिक अशी दोन्ही प्रमाणे उभी राहतात. याहून मागे जाणारी एक परंपरा आहे. चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस सांगतो, की अलेक्झांड्रियाचा विद्वान पँटिनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ‘इंडिया’त गेला, तेव्हा येशूचा शिष्य बार्थोलोम्यू याने दिलेले मत्तयाचे शुभवर्तमान तिथल्या लोकांकडे आधीपासून होते. ही हकीकत कल्याणच्या परिसराशी जोडणारे अभ्यासक आहेत. परंपरा म्हणून ती लक्षात ठेवावी. लेखी पुराव्याचा भक्कम पाया मात्र कॉस्मसपासून मिळतो.

कल्याणच्या त्या बिशपचे चर्च आज कुठेही दिसत नाही. पहलवी ही इराणी लिपी कोरलेले प्राचीन क्रूस केरळात आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आहेत. असाच एक क्रूस गोव्यात झुवारी नदीकाठी आगशी इथे २००१ साली उजेडात आला. त्यामुळे इराणी चर्चशी असलेले नाते कॉस्मसच्या एका ओळीपुरते उरत नाही. पश्चिम किनाऱ्यावर त्याचे दगडी पुरावे आहेत.

ठाणे आणि सोपारा, १३२१

पुढची ठळक नोंद चौदाव्या शतकातली. एप्रिल १३२१ मध्ये चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात उतरले होते: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री. त्यांना आसरा मिळाला तो स्थानिक ख्रिस्ती घरात. ओदोरिक या प्रवाशाने तेव्हाच्या ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे असल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे इराणी परंपरेचा तो जुना समाज, पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षे आधी, ठाण्यात नांदत होता.

काझीसमोर झालेल्या धार्मिक वादातून या चौघांना मृत्युदंड मिळाला. त्यांच्यासोबत आलेला फ्रेंच डोमिनिकन साधू जॉर्दानुस त्या वेळी बाहेरगावी होता. परतल्यावर त्याने त्यांचे अवशेष गोळा करून सोपाऱ्याच्या चर्चमध्ये पुरले. सोपाऱ्यात तेव्हा चर्च होते, हे यातून कळते. ऑक्टोबर १३२१ च्या एका पत्रात जॉर्दानुसने आपल्या कामाचा हिशेब दिला आहे: भडोचकडे ९० जणांना आणि ठाणे-सोपारा यांच्या दरम्यान ३५ जणांना त्याने बाप्तिस्मा दिला होता. पुढे त्याने भारतातल्या नवलाईंचे एक पुस्तक लिहिले आणि १३२९ साली कोल्लमचा बिशप म्हणून त्याची नेमणूक झाली.

काही काळाने ओदोरिक ठाण्याला आला. त्याने त्या चौघांच्या अस्थी घेतल्या आणि समुद्रमार्गे थेट चीनच्या झायतोन बंदरात, म्हणजे आजच्या च्वानचौला नेल्या. वाटेत घराला आग लागली तरी अस्थींमुळे आपण वाचलो, वारा पडून जहाज अडकले तेव्हा त्यांच्यामुळेच वारा सुटला, असे चमत्कार त्याने सांगितले आहेत. मध्ययुगीन युरोपात त्याचे प्रवासवर्णन फार वाचले गेले आणि ठाण्याचे नाव तिथल्या मठांत पोहोचले. सोपाऱ्याचे ते चर्च आज उरलेले नाही. पण अशोकाचा शिलालेख सापडलेली जागा आणि बौद्ध स्तूप पाहायला तिथे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, जाणाऱ्यांनी ही गोष्टही ठाऊक असू द्यावी.

वसई: पडक्या भिंती, चालू उपासना

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि इथून दगडी चर्चांचे युग सुरू झाले. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक संघाने आपापले चर्च आणि मठ बांधला. सेंट जोसेफ कॅथेड्रलची स्थापना १५४६ ची. १६०१ साली त्याचे नूतनीकरण झाल्याचा शिलालेख तिथे आहे. जेझुइटांचे ‘येशूचे पवित्र नाव’ हे चर्च १५४९ चे, सेंट अँथनीच्या नावाचे फ्रान्सिस्कन चर्च १५५७ चे. त्याच्या जमिनीत कोरीव थडग्यांच्या फरशा बसवलेल्या आहेत. पोर्तुगीज अक्षरे आणि कुलचिन्हे त्यांवर अजून वाचता येतात. संत फ्रान्सिस झेवियर १५४४ आणि १५४८ साली वसईत येऊन गेले.

या किल्ल्याचे खरे मोठेपण मात्र वसईतच जन्मलेल्या एका माणसामुळे आहे. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. तरुणपणी ते जेझुइटांबरोबर जपानला गेले, जपानी भाषा शिकले, व्यापारात जम बसवला आणि मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. १५९३ साली दुभाषा म्हणून ते पुन्हा जपानला गेले. तिथल्या सत्ताधीशाने मिशनऱ्यांवर कारवाई केली आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रूसावर चढवले. त्यांत वसईचे गोन्सालो होते. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मून संतपदाला पोहोचलेले ते पहिले. किल्ल्यातले जेझुइट चर्च आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे त्यांचा सण साजरा होतो.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सरदार, फौज आणि पाद्री गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मुभा तहाच्या कलमांनी दिली होती, त्यामुळे वसईच्या गावांतली उपासना चालू राहिली. किल्ल्यातल्या चर्चांच्या घंटा मात्र दूरवर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली प्रसिद्ध घंटा १७२१ ची पोर्तुगीज घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यालगतच्या मंदिरात टांगलेल्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया कोरलेली दिसते. भीमाशंकरलाही अशी घंटा आहे. वसईच्या चर्चांचा नाद असा सह्याद्रीच्या शिवालयांत घुमू लागला.

रमेदी, आगाशी, नंदाखाल, पापडी या वसईतल्या गावांची चर्चे आजही भरलेली असतात. इथला ख्रिस्ती समाज कुपारी, वाडवळी, कोळी अशा मराठीच्या बोली बोलतो. नंदाखालला १९४२ साली जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक होते; ‘सुबोध बायबल’ हा त्यांचा मोठा ग्रंथ आणि येशूच्या भूमीतल्या प्रवासावरचे ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ हेही त्यांचेच. जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. या पदावर येणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. ज्या नगरीत संमेलन भरले तिला संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते. जुलै २०२४ मध्ये फादर निवर्तले.

गुंफा, टेकडी आणि समुद्रकिनारा

मुंबई परिसरात तेरच्या त्रिविक्रम मंदिराची आठवण करून देणारी एक जागा आहे: बोरिवलीजवळची मंडपेश्वर लेणी. सहाव्या शतकातल्या या शैव गुंफेत फ्रान्सिस्कन साधू अंतोनिओ दो पोर्तो याने सोळाव्या शतकात चर्च थाटले आणि वरच्या अंगाला मठ उभा राहिला. १७३९ नंतर गुंफेत पुन्हा शिवपूजा सुरू झाली. नटराजाचे शिल्प, भिंतीवर कोरलेला क्रूस आणि माथ्यावर मठाचे भग्न अवशेष, हे सगळे आज एकाच ठिकाणी पाहता येते. इतक्या लहान जागेत सत्तांतरांचा एवढा इतिहास क्वचितच सापडेल.

माहीमच्या सेंट मायकल चर्चची स्थापना १५३४ ची मानली जाते. इमारत आधुनिक आहे. बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे सलग नऊ आठवडे करायच्या प्रार्थनेला, तिथे सर्व धर्मांचे लोक रांगा लावतात. वांद्र्याच्या टेकडीवरची मोत माउली, म्हणजे माउंट मेरी, ८ सप्टेंबरच्या मारियेच्या जन्मदिनानंतरच्या आठवड्यात जत्रेने गजबजते. १७३९ नंतर तिची मूर्ती काही काळ माहीमच्या चर्चमध्ये ठेवलेली होती. सध्याचे चर्च १९०४ चे असून त्याचे वास्तुकार शापूरजी चंदाभॉय हे पारशी होते. दुखरा हात, पाय किंवा हवे असलेले घर यांच्या मेणाच्या प्रतिकृती इथे वाहतात. खंडोबाला वा भवानीला नवस बोललेल्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईच्या किल्ल्याखाली माउंट कार्मेल मातेच्या नावाचे चर्च आहे. त्याभोवतालची ख्रिस्ती वस्ती पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून जन्मलेली स्वतंत्र बोली बोलते. पोर्तुगीज सत्ता इथून १७४० मध्ये गेली. बोली अजून घरात चालते.

घाटावर: मराठीतून आलेला धर्म

देशावर आणि मराठवाड्यात ख्रिस्ती धर्म एकोणिसाव्या शतकात नव्याने आला आणि त्याची वाट वेगळी होती. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत काम सुरू केले, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले आणि पुढे सोलापूर व बार्शीपर्यंत शाळा, दवाखाने आणि चर्चे उभारली. धाराशिवकरांच्या अगदी उंबऱ्याशी आलेली ही परंपरा. याच मिशनच्या परिसरात १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक वावरले. भजन, कीर्तन आणि अभंगाच्या चालीवर त्यांनी ख्रिस्तभक्ती गायली. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

निजामाच्या मुलखात जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. त्यासाठी जमीन हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी दिली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या घोगरगावला कॅथलिक मिशनरी फादर गुरियन जाकिये यांनी काम केले. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. मराठवाड्यातले कॅथलिक, धाराशिव जिल्ह्यातलेही, त्याच धर्मप्रांतात येतात.

या सगळ्यात मोठी यात्रा भरते ती अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याभोवती वाढलेल्या या गावात फादर गेरार्ड बाडर या जेझुइट धर्मगुरूंनी १९४९ मध्ये मतमाउलीची, म्हणजे मारियेची, यात्रा सुरू केली. सप्टेंबरात, मारियेच्या जन्मदिनाच्या सुमारास, महाराष्ट्रभरातून लाखो भाविक येतात. पायी दिंड्या निघतात, नवस फेडले जातात, मेणबत्त्या आणि नारळ यांची दुकाने लागतात, मराठीत मिस्सा, म्हणजे मुख्य सामुदायिक उपासना, होते आणि मराठीतच गाणी. सांप्रदायिक ओळख काही असो, मराठी माणूस यात्रेला निघाला की त्याच्या चालण्याची रीत एकच असते.

गोव्यातले शव आणि दशवार्षिक दर्शन

सीमेपलीकडचे मोठे तीर्थ अर्थातच जुने गोवे. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर वारले आणि १५५४ मध्ये त्यांचे शव गोव्यात आणले गेले. ते आज बॉम जेझू बॅसिलिकात चांदीच्या पेटीत आहे. बॅसिलिकाचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले, १६०५ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. १९८६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. दर दहा वर्षांनी शव खाली उतरवून जवळच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवतात. असा सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाला, म्हणजे पुढचा २०३४ च्या सुमारास. दरवर्षीच्या ३ डिसेंबरच्या सणाला मात्र सिंधुदुर्ग आणि बेळगावकडून लोक चालत येतात.

कसे आणि केव्हा जावे

धाराशिवहून मुंबईकडे जाणारी लातूर–मुंबई रेल्वे पुण्यावरून कल्याण आणि ठाणे गाठते. तिथून वसई लोकलने जवळ. पहिल्यांदा जाणाऱ्याने तेरचे संग्रहालय आधी पाहावे, मग कल्याण-ठाण्याचा इतिहास मनात ठेवून वसईचा किल्ला, आणि वेळ असेल तर मंडपेश्वर व माउंट मेरी. वसईचा किल्ला आणि मंडपेश्वर ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालची स्थळे आहेत. भिंतींवर चढू नये; दगडांवर नावे कोरणे हा गुन्हा आहे. चालत्या चर्चमध्ये मिस्सा सुरू असताना मागच्या बाकावर शांत बसावे, फोटो आधी विचारून काढावेत. परमप्रसाद घेण्याचा विधी फक्त बाप्तिस्मा झालेल्या श्रद्धावंतांसाठी असतो. इतरांनी त्या वेळी जागेवरच बसून राहिल्यास कुणाला वावगे वाटत नाही.

वर्षाचे वेळापत्रकही सोपे आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वसईत गोन्सालो गार्सिया यांचा सण, सप्टेंबरात वांद्रे आणि हरेगाव, डिसेंबरात जुने गोवे. एकाच वर्षी सगळे करण्याची घाई नको. पावसाळा सरता सरता सोलापूर, बार्शी, धाराशिवच्या बाजूने निघायचे असेल, तर पहिली पसंती हरेगावला द्यावी. दगडी वैभव तिथे नाही, पण ख्रिस्ती भक्ती मराठी मातीत कशी रुजली, हे तिथे एका दिवसात उमगते.